खुरपे आणि फवारा : खानदेशच्या तणांचा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. फारुकी सुलतानांचा खानदेश, मोगलांचा खानदेश, पेशवे-होळकरांचा खानदेश आणि १८१८ नंतरचा इंग्रजांचा खानदेश अशी प्रकरणे पाडून आपण हा प्रांत शिकलो. या सगळ्या राजवटींत एक लढाई मात्र अखंड चालू होती आणि तिची बखर कोणी लिहिली नाही. ती लढाई म्हणजे पीक आणि तण यांची. दर पावसाळ्यात ती नव्याने सुरू होते, तिच्यात तह होत नाही, आणि तिचे सैन्य म्हणजे बहुतेक ठिकाणी हातात विळा-खुरपे घेतलेल्या बायका. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या लढाईत एक नवे हत्यार आले : पिकाला सोडून फक्त तणाला मारणारे औषध. ते कोठे निघाले, आपल्याकडे कसे आले आणि कपाशीच्या या मुलखात त्याचे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आपण शहरात राहणारी माणसे. पण जळगावची बाजारपेठ काय किंवा धुळ्याची काय, शिवारातल्या पिकावरच उभी आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. शेतकऱ्याच्या दृष्टीने तणांच्या दोन जाती. पहिली गवतांची : हराळी, कुंदा आणि त्यांच्याच रूपाचा, पण वनस्पतिशास्त्राने वेगळ्या कुळात घातलेला लव्हाळा. यांची पाने अरुंद, आणि मुळ्या, कांड्या किंवा गाठी जमिनीत खोल दडलेल्या. दुसरी जात रुंद पानांची : माठ, घोळ, कुर्डू, तरोटा, आघाडा, एकदांडी, रब्बीत चाकवत आणि चांदवेल. पहिली जात वर्षानुवर्षे जमीन अडवून बसते. दुसरी बहुधा एका हंगामाची पाहुणी. पण जाताना एवढे बी टाकून जाते की तिचे आमंत्रण कायमचे होते.

१८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज खानदेशाचा कारभार पाहू लागला, तेव्हा १८०२ ते १८०४ च्या लुटालुटीने आणि दुष्काळाने उजाड झालेला हा मुलूख त्याच्या हाती आला. गावेच्या गावे ओस पडली होती आणि पिकाऊ जमिनीवर झुडपे व रान माजले होते. म्हणजे आपल्या आधुनिक इतिहासाचा आरंभच तणांच्या राज्यापासून होतो. पुढे वस्ती वाढली, लागवड वाढली. १८६० च्या दशकात आगगाडी आली आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. काळी जमीन कपाशीखाली गेली ती तेव्हापासून. त्या जमिनीतील कुंदा-हराळीला लाकडी नांगर पुरा पडत नसे. १९०३ च्या सुमारास किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे म्हणून लोक त्याला भीत. हळूहळू ती भीती गेली, आणि खोल मुळांच्या गवतावर पहिला मोठा घाव लोखंडी फाळाने घातला. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतात काँस गवताने गिळलेल्या जमिनी मोकळ्या करण्यासाठी सरकारने ट्रॅक्टर आणले, आणि त्या यंत्रांसाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज काढले. गवतासाठी देशाने कर्ज काढावे, एवढा हा शत्रू मोठा होता!

रुंद पानांच्या तणांवर मात्र नांगराचा इलाज चालत नाही, कारण ती पिकाबरोबरच उगवतात. पेरणीपूर्वी वखर, पेरणीनंतर दोन ओळींतून डवरा किंवा कोळपे, आणि ओळीत रोपाला खेटून उभ्या असलेल्या तणासाठी निंदणी, हा आपला परंपरेचा क्रम. शेवटचे काम बायकांचे. निंदणीच्या या रीतीत आणखी एक गोष्ट होती, ती विसरू नये. शेतातून उपटलेले सगळेच फेकून दिले जात नसे. घोळ, तांदुळजा, माठ, चाकवत, कोवळा तरोटा यांची भाजी होई आणि गवताचा भारा गुरांपुढे जाई. शेतकऱ्याचे तण ते मजूर बाईच्या घरची भाजी, असा हा हिशोब होता. एकाच झाडाची किंमत दोन घरांत दोन तऱ्हेची! ‘नको असलेले झाड ते तण’ ही व्याख्या शास्त्राच्या पुस्तकांत आहे. पण कोणाला नको, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

आता थोडे युरोपात जाऊ. १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोने नावाच्या द्राक्षबागाइतदाराच्या ध्यानात एक गोष्ट आली. वेलीच्या रोगावर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फवारले, की शेजारी उगवलेल्या रानमोहरीची पाने काळी पडत. मग नुसत्या मोरचुदाचे पाणी धान्याच्या शेतात फवारून पाहिले, तर मोहरी मेली आणि धान्य तगले. जर्मनीत आणि अमेरिकेतही त्याच सुमारास असेच अनुभव आले. पुढे १९११ साली फ्रान्समध्येच सौम्य गंधकाम्ल वापरण्यात आले, आणि १९३२ साली डीएनओसी नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचा त्याच कामासाठी एकस्वाधिकार घेतला गेला. ही सारी औषधे जाळणारी होती. रुंद, आडव्या पानावर थेंब पसरून राहतो, गव्हाच्या उभ्या अरुंद पानावरून तो घरंगळतो. एवढ्याच भेदावर त्यांची निवड चाले. ती पाने जाळीत, मुळे जिवंत राहत, आणि फवारणाऱ्या माणसाचे हातही भाजीत.

खरी क्रांती निराळ्याच वाटेने आली. १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताचा कोंब उजेडाकडे का वळतो याचे प्रयोग प्रसिद्ध केले. शेंड्यातून खाली काही प्रभाव उतरतो आणि त्याने कोंब वाकतो, असे त्यांना आढळले. १९२६-२८ मध्ये हॉलंडमधील वेंट याने हा प्रभाव म्हणजे एक पदार्थ आहे हे दाखविले; त्या वर्गाला ऑक्सिन हे नाव मिळाले. वाढ करविणारा पदार्थ हाती आला म्हटल्यावर शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखे कृत्रिम पदार्थ बनवावयास घेतले. हेतू कलमांना मुळे फुटावीत, फळे धरावीत, हा होता. वाढवायला निघालेले शास्त्र मारायला कसे शिकले, ही या कथेतील विलक्षण कलाटणी आहे.

१९४० साली इंग्लंडमध्ये जेलॉट्स हिल येथील प्रयोगशाळेत टेम्पलमन यांनी ओट आणि रानमोहरी एकत्र असताना असा एक पदार्थ मोठ्या मात्रेत दिला. मोहरी मेली, ओटाला काही झाले नाही. या धाग्यावरून तेथे एमसीपीए हे औषध निघाले. रोथॅमस्टेड येथे नटमन, थॉर्नटन आणि क्वास्टेल स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. अमेरिकेत पोकॉर्नी यांनी १९४१ साली २,४-डी या पदार्थाची कृती प्रसिद्ध केली होती. १९४२ साली झिमरमन आणि हिचकॉक यांनी तो वाढीवर परिणाम करतो हे दाखविले. पण तेव्हा महायुद्ध चालू होते. शत्रूची पिके नष्ट करता येतील काय, या दृष्टीने दोन्ही देशांत या संशोधनावर गुप्ततेचा पडदा पडला. म्हणून एकच शोध समुद्राच्या दोन बाजूंना दोनदा लागला. युद्ध संपण्याच्या सुमारास पडदा उठला. १९४४ साली मार्थ आणि मिचेल यांनी हिरवळीतील डँडेलियन हे रुंद पानांचे तण मारून गवत राखून दाखविले. त्याच वर्षी हॅमनर आणि ट्यूकी यांनी चांदवेलीवर प्रयोग केले. ही चांदवेल म्हणजे आपल्या काळ्या रानात गव्हा-हरभऱ्यात माजणारीच. १९४५-४६ मध्ये ही औषधे बाजारात आली आणि काही वर्षांतच पाश्चात्त्य देशांतील धान्याची शेते आणि कुरणे त्यांच्याखाली आली.

या सुमाराची एक गोष्ट महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर मुंबई इलाख्याचे शेती संचालक असलेले हॅरल्ड मॅन १९२७ नंतर इंग्लंडला परतले आणि रोथॅमस्टेडच्या वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले. तेथे चाळीसच्या दशकात त्यांनी बार्न्स यांच्यासह बार्ली आणि तणे यांच्या स्पर्धेचे बारकाईने प्रयोग केले. दख्खनच्या खेड्याचा संसार मोजणारा माणूस उतारवयात तण पिकाचे नेमके काय आणि किती हिरावते याचा हिशोब मांडत बसला होता. औषधाच्या आधी हा हिशोब हवा, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

हे औषध निवड कशी करते? २,४-डी हे वनस्पतीच्या स्वतःच्या वाढीच्या रसाचे सोंग घेते. रुंद पानांच्या झाडात ते शिरले की वाढीचा ताळ सुटतो. देठ पिळवटतात, खोड फुगून चिरते, अन्न वाहणाऱ्या नळ्या दबून जातात आणि झाड आपल्याच वाढीने मरते. गवतवर्गात वाढीचा कोंब पानांच्या आवरणात खोल दडलेला असतो, नळ्यांची रचना निराळी असते आणि तो पदार्थ लवकर निकामी केला जातो. म्हणून गहू, ज्वारी, मका, ऊस ही गवतकुळातील पिके योग्य वेळी योग्य मात्रा दिल्यास वाचतात. गव्हाला फुटवे येण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर महिन्याभराने ते चालते. फार लवकर किंवा फार उशिरा दिले तर ओंब्या वेड्यावाकड्या होतात. ‘निवडक’ हा शब्द असा अटींनी बांधलेला आहे.

भारतात रासायनिक तणनाशनाचा पहिला उल्लेख सांगतात तो १९३७ सालचा, पंजाबातील. तेथे रानकरडईवर सोमलाचा एक क्षार वापरून पाहिला होता. २,४-डी १९४६ साली आले. १९५२ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने निरनिराळ्या राज्यांत भात, गहू आणि ऊस या पिकांत तणनाशकांची परीक्षा घेण्याच्या योजना सुरू केल्या. ही तिन्ही पिके गवतकुळातील आहेत, हे लक्षात घ्यावे.

याच दशकात एक नवा शत्रू आला. पुण्यात १९५५ साली आढळलेल्या गाजरगवताची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले आणि ते अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेच्या गव्हातून आले ही समजूत घट्ट बसली. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने तारखा पाहाव्यात. त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. झाड त्यापूर्वीच पुण्यात उभे होते. अमेरिकेने १९५१ साली कर्जाऊ धान्य दिले होते, तेव्हा परदेशी धान्यातून बी आले असणे अशक्य नाही. पण पीएल-४८० वरचा आरोप तारखेच्या कसोटीवर टिकत नाही. पुढे हे गवत सडका, रेल्वेचे रूळ आणि पडीक जागा धरून सर्वत्र पसरले. आपल्या गावांच्या वेशीही त्याने सोडल्या नाहीत. नावात गवत असले तरी ते रुंद पानांचे, सूर्यफुलाच्या कुळातले आहे, आणि म्हणून २,४-डी त्याला लागू पडते. १९८० च्या दशकात त्यावर मेक्सिकोतून आणलेला भुंगाही सोडण्यात आला.

आता खानदेशच्या मुख्य अडचणीकडे येतो. हे औषध जन्मले ते गहू-बार्लीच्या आणि हिरवळीच्या देशात. तेथे पीक अरुंद पानाचे आणि तण रुंद पानाचे, असा सरळ सामना होता. आपल्या शिवारात पाहा : कपाशी रुंद पानाची, तूर, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग, तीळ रुंद पानांचे. म्हणजे औषधाच्या दृष्टीने पीक आणि तण एकाच पंगतीला बसलेले! त्यातून आपली इरवाडाची रीत; ज्वारीच्या ओळीत तूर, मूग, उडीद मिसळून पेरण्याची. ज्वारीला चालणारे औषध तुरीचा जीव घेते. निवडीचे औषध शेतकऱ्यालाच निवड करावयास लावते : ज्वारी राखायची की डाळ? जेथे शेत एकाच पिकाचे झाले, तेथे फवारा सोपा झाला. आणि जेथे फवारा सोपा झाला, तेथे इरवाड सोडण्याला आणखी एक निमित्त मिळाले.

कुरणांचीही गोष्ट अशीच. अतिचराईने जी कुरणे खालावली, तेथे गुरे तोंड लावीत नाहीत असा तरोटा माजतो. कागदावर पाहता रुंद पानांचे तण मारून पवन्या-मारवेलसारखे गवत राखणे हे या औषधाचे आदर्श काम. पण त्याच कुरणात गवताबरोबर रानशेंगांच्या वेली असतात, त्या जमीन सुधारतात आणि चाऱ्याला कस आणतात. त्याही रुंद पानांच्या. शिवाय तरोट्याची कोवळी भाजी होते आणि बी बाजारात विकले जाते. कुरण सुधारते ते चराई आवरल्याने. तरोटा हे रोगाचे लक्षण आहे, मूळ नव्हे.

सर्वांत बिकट प्रश्न कपाशीचा आहे. २,४-डी ला जी पिके अतिशय हळवी आहेत, त्यांत द्राक्ष आणि कपाशी अग्रभागी. तणासाठी जी मात्रा लागते तिचा शतांश, कधी सहस्रांश जरी कपाशीवर पडला, तरी नवी पाने चिरटून बोटांसारखी लांबट होतात, भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात, पात्या-फुले गळतात. शेजाऱ्याने मक्यात, ज्वारीत किंवा बांधावर फवारले आणि वारा आपल्याकडे वळला, एवढे पुरते. यातील इथाइल एस्टर नावाचा प्रकार तर उन्हात वाफ होऊन उडतो. फवारताना वारा पडलेला असला तरी नंतर ही वाफ वाहत जाते. आणि कधी वाऱ्याचाही दोष नसतो. काल तणनाशक फवारलेला पंप नीट न धुता आज त्यातच कपाशीसाठी कीडनाशक भरले जाते. मग पाने वाकडी झालेली पाहून कोणी बियाण्याला दोष देतो, कोणी रोगाला; आणि खरे कारण कळते तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंची बोलाचाली बंद झालेली असते. बांध कोरण्यावरून भाऊबंदकी पेटलेली आपण पाहिली आहे. आता बांध न ओलांडताही शेजाऱ्याच्या शेतात शिरता येते.

इतके असूनही तणनाशकाचा वापर वाढला, याचे कारण मजुरीच्या इतिहासात आहे. निंदणीच्या दिवसांत सगळ्यांनाच एकाच आठवड्यात माणसे हवी असतात. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासी शेतमजुरांनी जमिनीबरोबर मजुरीचाही प्रश्न जोराने मांडला. त्या चळवळीत स्त्रिया पुढे होत्या. त्याच वर्षीच्या दुष्काळात रोजगार हमीची कामे सुरू झाली आणि पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. मजूर बाईला शेतमालकावाचून दुसरे दार उघडले. हे न्यायाचेच झाले. पण त्याचबरोबर जमीनधारकाच्या मनात माणसाऐवजी औषधाचा विचार बळावत गेला. कपाशीसाठी पेरणीनंतर लगेच जमिनीवर फवारावयाचे पेंडिमिथालिन आले. पुढे उभ्या कपाशीतील रुंद पानांच्या तणांसाठी पायरीथायोबॅक सोडियम आणि गवतांसाठी क्विझालोफॉप आले. जी निवड २,४-डी ला साधली नाही, ती या औषधांनी काही अंशी साधली. त्यानंतर बियाणेच असे बनवावे की सर्वनाशी ग्लायफोसेट फवारले तरी कपाशी तगेल, ही कल्पना आली. अशा कपाशीला भारतात मान्यता नाही. तरी तिचे चोरटे बियाणे विकले गेले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणीचा खर्च परवडत नाही, ही त्यामागची व्यथा खरी होती. २०२२ साली केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. कायदा आणि बांध यांत किती अंतर असते, हे आपण सर्व जाणतो.

आरोग्याविषयी दोन शब्द. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने जे ‘एजंट ऑरेंज’ फवारले, त्यात २,४-डी चा निम्मा वाटा होता. तेथील भयंकर परिणामांना कारण झालेले डायॉक्सिन मुख्यत्वे दुसऱ्या अर्ध्या भागात, २,४,५-टी मध्ये होते. तेव्हा दोघांना एकच मानणे चूक. पण म्हणून २,४-डी निरुपद्रवी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला ‘कर्करोगाची शक्यता असलेला पदार्थ’ या वर्गात घातले. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ औषधांवर बंदीचा जो मसुदा काढला, त्यात २,४-डी, अ‍ॅट्राझिन आणि पेंडिमिथालिन ही नावे होती. बंदी मात्र त्यांच्यावर आली नाही.

या इतिहासातून काय घ्यावे? तणनाशक टाकून देऊन सर्वांनी पुन्हा खुरपे धरावे, असा उपदेश सभागृहात पंख्याखाली बसून करणे सोपे आहे. वाकून निंदणी करणाऱ्या बाईची पाठ त्या उपदेशाला होकार देणार नाही. औषध हाच एक तरणोपाय, हे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. वखर आणि डवरा यांनी ओळींमधले तण मरते; उरते ते ओळीतले, आणि तेवढ्यासाठी औषध किंवा हात लागतो. पीक लहान असतानाचे पहिले काही आठवडे शेत स्वच्छ राहिले, तर पुढचे तण फारसे नुकसान करीत नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, कपाशीच्या दिवसांत तिच्या आसपास २,४-डी वापरू नये, आणि फवारण्यापूर्वी शेजाऱ्याला सांगावे. यांतली शेवटची सूचना कोणत्याही डब्यावरच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची आहे.

निवडक औषध या नावात एक फसवणूक आहे, श्रोतेहो. औषध निवड करीत नाही. ते फक्त झाडाचे कूळ ओळखते. भाजीचा माठ आणि तणाचा माठ त्याला सारखा, माझी कपाशी आणि शेजाऱ्याची कपाशी त्याला सारखी. कोणते झाड राखायचे, कोणाची मजुरी वाचवायची आणि कोणाची बुडवायची, वारा कोणत्या दिशेला असताना पंपाचा दांडा हलवायचा, या निवडी माणसाच्या आहेत, आणि त्यांचा जाबही माणसानेच द्यायचा आहे. येत्या मृगात कपाशीची सरकी पुन्हा काळ्या मातीत पडेल आणि तिच्याबरोबर तणही उगवेल. तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंनी हा हिशोब मांडला जावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आपली रजा घेतो.